मुक्तस्रोत सांख्यिकी प्रणाली : प्रश्न देखभालीचा

दारिद्र्याचे प्रमाण, बेरोजगारीचा दर, दरडोई उपभोग खर्च हे आकडे विकास नियोजनाचा पाया मानले जातात. ते ज्या सर्वेक्षणांतून येतात त्यांची चर्चा पुष्कळ होते. परंतु ज्या संगणकप्रणालीच्या साहाय्याने ते काढले जातात तिच्याकडे फारसे लक्ष दिले जात नाही. प्रणालीची आवृत्ती बदलली किंवा तिच्या एखाद्या घटकाची देखभाल थांबली, तर त्याच माहितीतून तेच उत्तर पुन्हा मिळेल याची हमी उरत नाही.

'आर' प्रणालीचे उदाहरण

न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी विकसित केलेली 'आर' ही प्रणाली १९९५ मध्ये मुक्त परवान्याखाली खुली झाली. तिचा मूळ गाभा आटोपशीर असून विशेष कामांसाठी जगभरातील अभ्यासकांनी लिहिलेली पूरक पॅकेजेस तिला जोडता येतात. 'क्रॅन' या भांडारात अशी वीस हजारांहून अधिक पॅकेजेस आहेत. प्रत्येक पॅकेजमागे एक जबाबदार देखभालकर्ता असतो. तो बहुधा प्राध्यापक किंवा संशोधक असतो आणि हे काम बव्हंशी विनामोबदला करतो.

देखभालकर्त्याशी संपर्क होऊ शकला नाही, तर 'क्रॅन' त्या पॅकेजला औपचारिकरीत्या 'अनाथ' ठरवते. नव्या आवृत्तीशी न जुळणारी आणि वेळेत दुरुस्त न झालेली पॅकेजेस चालू यादीतून काढून जुन्या संग्रहात टाकली जातात. नकाशे व भौगोलिक माहितीसाठी वर्षानुवर्षे वापरली गेलेली 'आरजीडाल', 'आरजिऑस' आणि 'मॅपटूल्स' ही पॅकेजेस देखभालकर्ते रॉजर बिवंड यांच्या निवृत्तीमुळे ऑक्टोबर २०२३ मध्ये अशीच मागे घेण्यात आली. त्याची पूर्वसूचना बरीच आधी दिली होती आणि 'एसएफ' व 'टेरा' हे पर्यायही उपलब्ध होते. तरीही जुन्या आज्ञावल्या नव्याने लिहिण्याचे काम वापरकर्त्यांनाच करावे लागले.

दोन प्रकारचे दोष

जुनी आज्ञावली नव्या आवृत्तीत चालवली असता दोन प्रकारच्या अडचणी येतात. पहिल्या प्रकारात आज्ञावली बंद पडते. यात वेळ जातो, परंतु दोष निदान दिसतो. दुसऱ्या प्रकारात आज्ञावली विनातक्रार चालते, मात्र उत्तर वेगळे येते. हा प्रकार अधिक धोकादायक होय.

एप्रिल २०१९ मधील ३.६.० आवृत्तीत यादृच्छिक नमुना निवडण्याची अंतर्गत पद्धत बदलण्यात आली. जुन्या पद्धतीत मोठ्या समष्टीतील सर्व घटकांना निवडीची तंतोतंत समान संधी मिळत नव्हती. सुधारणा योग्यच होती. परंतु तिच्यामुळे संगणकाला तोच प्रारंभिक बीजांक देऊनही आता वेगळा नमुना निवडला जातो. एप्रिल २०२० मधील ४.० आवृत्तीत, माहितीच्या तक्त्यातील मजकुराचे आपोआप वर्गवारीत रूपांतर करण्याची जुनी रीत बंद झाली. राज्यांची नावे किंवा सामाजिक गट असलेल्या तक्त्यांवर लिहिलेल्या जुन्या आज्ञावल्यांवर याचा थेट परिणाम होतो.

भारतासाठी महत्त्व

२०११-१२ नंतरच्या उपभोग खर्चाच्या सर्वेक्षणांपैकी २०२२-२३ च्या सर्वेक्षणाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दरम्यानच्या काळात 'आर'ची तिसरी आणि चौथी मालिका येऊन गेली. दोन्ही वर्षांची घटक पातळीवरील आकडेवारी घेऊन तुलना करणाऱ्या अभ्यासकाला प्रश्नावलीतील बदलांबरोबर प्रणालीतील बदलांचाही विचार करावा लागतो. अन्यथा दिसणारा फरक अर्थव्यवस्थेतील आहे की आज्ञावलीतील, हे सांगता येणार नाही. केंद्र सरकारने २०१५ मध्ये मुक्तस्रोत प्रणालींना प्राधान्य देणारे धोरण स्वीकारल्यामुळे हा प्रश्न शासकीय कामकाजाशीही निगडित आहे.

आर्थिक मीमांसा

मुक्तस्रोत प्रणाली ही सार्वजनिक वस्तूसारखी आहे. एकाने वापरल्याने ती दुसऱ्यासाठी कमी होत नाही आणि कोणालाही वापरापासून वगळता येत नाही. म्हणूनच येथे 'फुकट लाभार्थी' ही समस्या उद्भवते : लाभ सर्वांचा, खर्च मात्र थोड्यांचा. कालवा बांधण्यासाठी निधी मिळतो, गाळ काढण्यासाठी मिळत नाही, तसाच हा प्रकार आहे. विनाशुल्क मिळणाऱ्या वस्तूचाही देखभाल खर्च असतोच. या जाणिवेतूनच जर्मनीने २०२२ मध्ये अशा पायाभूत प्रणालींच्या देखभालीसाठी शासकीय निधी सुरू केला.

उपाययोजना

पहिला उपाय नोंदीचा. अहवालासोबत प्रणाली व पॅकेजेस यांच्या आवृत्त्यांची नोंद असावी. 'आर'मध्ये 'रेनव्ह' हे पॅकेज ही नोंद ठेवते आणि त्याच आवृत्त्या पुन्हा बसवण्यास मदत करते. 'स्टाटा' या व्यापारी प्रणालीत आज्ञावलीच्या आरंभी आवृत्ती क्रमांक लिहिल्यास ती जुन्या नियमांनुसार चालते.

दुसरा उपाय जतनाचा. पॅकेजेसच्या दैनंदिन प्रती ठेवणारी मायक्रोसॉफ्टची 'एमरॅन' सेवा जुलै २०२३ मध्ये बंद झाली. यावरून महत्त्वाच्या पॅकेजेसची प्रत संस्थेने स्वतःजवळही ठेवणे इष्ट ठरते.

तिसरा उपाय पडताळणीचा. जुनी आवृत्ती धरून बसल्यास सुरक्षाविषयक त्रुटी दुरुस्त होत नाहीत. घाईने नवी स्वीकारल्यास आकडे बदलू शकतात. म्हणून काही काळ दोन्ही आवृत्त्यांवर तीच माहिती चालवून उत्तरे ताडून पाहावीत आणि फरकाचे कारण कळल्यावरच बदल करावा.

चौथा उपाय सहभागाचा. अनाथ पॅकेजचे पालकत्व कोणीही स्वीकारू शकतो. विद्यापीठांनी व संशोधन संस्थांनी अशा कामाला शैक्षणिक कार्य म्हणून मान्यता दिल्यास कुशल मनुष्यबळ पुढे येईल.

आकडेवारीवरील विश्वास हा केवळ अचूक सर्वेक्षणावर अवलंबून नसतो. तोच आकडा दुसऱ्या कोणालाही, काही वर्षांनंतरही, पुन्हा काढता आला पाहिजे. त्यासाठी आकड्याइतकीच तो काढणाऱ्या साधनाची निगा राखणे आवश्यक आहे.