मुठीतले खेळ : क्योतो ते सावंतवाडी, व्हाया आंगणेवाडी

माळ्यावरची ट्रंक उघडा. लग्नाचे अल्बम, बंद पडलेला ट्रान्झिस्टर आणि त्याच्या शेजारी बहुतेक एक ब्रिक गेम. नव्वदच्या दशकात मालवण-कणकवलीकडे हे यंत्र दोन वाटांनी घरात शिरलं : जत्रेतल्या खेळण्यांच्या दुकानातून, नाहीतर गणपतीला गावी आलेल्या चाकरमान्याच्या बॅगेतून. पावसात वीज गेली की टीव्ही मुका व्हायचा, पण दोन पेन्सिल सेलवर चालणारं हे यंत्र मात्र टिकटिकत राहायचं. आज अशा जुन्या मुठीतल्या खेळांचे संग्राहक जगभर आहेत, म्हणून ट्रंक भंगारात देण्याआधी थोडं थांबा.

खोक्यावर ‘9999 इन 1’ असं छापलेलं असे. खरे खेळ त्यात मूठभरच. तोच खेळ, वेग वेगळा, सुरुवात वेगळी, की झाला नवा नंबर! पडदाही केवढा? आडवे 10 आणि उभे 20, म्हणजे अवघे 200 चौकोन. गाडी, रणगाडा, साप, बेडूक, सगळी दुनिया या दोनशे ठिपक्यांत बसवलेली. मला हे आजही थक्क करणारं कौशल्य वाटतं.

विटा रचायचा मूळ खेळ टेट्रिस. 1984 मध्ये मॉस्कोत अलेक्सी पाजित्नोव यांनी तो संगणकावर बनवला. चार-चार चौकोन जोडून आकार होतात फक्त सात, आणि त्या सातांवर अर्धं जग वेडं झालं. नोकियाच्या फोनवर साप आला तो 1997 मध्ये. तोवर जत्रेतल्या ब्रिक गेमवर आपली बोटं पुरेशी तयार झाली होती.

आता सगळ्यात चटकदार गोष्ट. गेम बॉय बनवणारी निंटेंडो ही कंपनी मुळात पत्ते बनवणारी! 1889 साली क्योतोत फुसाजिरो यामाउची यांनी ‘हानाफुदा’ या फुलांच्या पत्त्यांचा धंदा सुरू केला. बारा महिन्यांची फुलं-झाडं, दर महिन्याचे चार पत्ते, एकूण 48. जपानला पत्त्यांची ओळख करून दिली ती सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी, म्हणजे आपल्या शेजारच्या गोव्यात ठाण मांडून बसलेल्यांनीच.

1965 मध्ये या कंपनीत गुनपेई योकोई नावाचा तरुण पत्त्यांच्या यंत्रांची देखभाल करायला लागला. पुढे आगगाडीत कॅल्क्युलेटरची बटणं दाबत वेळ काढणारा एक प्रवासी त्याला दिसला आणि त्यातून 1980 मध्ये ‘गेम अँड वॉच’ जन्मला : खिशात मावणारा खेळ, वर घड्याळ फुकट. 1989 मध्ये त्याच्याच चमूने गेम बॉय काढला. चार पेन्सिल सेल, हिरवट पडदा, रंगाचा पत्ता नाही. तरी त्याचा पुढचा रंगीत अवतार धरून 11 कोटींहून अधिक नग खपले.

मालवणच्या संग्राहकाने एक गेम अँड वॉच मात्र आवर्जून शोधावा : 1981 चा ‘ऑक्टोपस’. होडीतून पाणबुड्या खाली उतरतो, बुडालेल्या जहाजातला खजिना पिशवीत भरतो आणि ऑक्टोपसचे लांब हात चुकवत वर येतो. तारकर्लीला स्कुबासाठी पाण्यात उतरणाऱ्या मुलांच्या हातात तो देऊन बघायला हवा.

पत्त्यांची गोष्ट निघालीच आहे तर सावंतवाडीला जायलाच हवं. तिथला गंजिफा हाही मुठीतलाच खेळ, आणि तोही हाताने रंगवलेला. बाबराने 1527 मध्ये गंजिफा सिंधमध्ये भेट पाठवल्याची नोंद बाबरनाम्यात आहे. आपल्याकडचा दशावतारी गंजिफा तर भन्नाटच : दहा अवतार, प्रत्येकाचे बारा पत्ते, एकूण 120, सगळे गोल. राजा आणि प्रधान सर्वांत वर. त्याखाली पाच अवतारांत दश्शी मोठी, उरलेल्या पाचांत मात्र एक्का मोठा. खेळ दिवसा मांडला तर रामाच्या राजापासून सुरुवात, रात्री मांडला तर कृष्णाच्या! घड्याळ बघून नियम बदलणारा खेळ आपल्या जिल्ह्यात कधीपासून आहे.

हा खेळ खेळणारे विरळ झाले तेव्हा ही कला वाचवली ती सावंतवाडीच्या राजघराण्यातले शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवी यांनी, 1970 च्या दशकात. राजवाड्यात आजही कलाकार बैठक मांडून पत्ते रंगवतात. तिथे उभं राहून बघा : नखाएवढ्या जागेत मासा, कासव, परशू उमटतो, ब्रशचं टोक दोन-चार केसांचं वाटावं इतकं बारीक. सावंतवाडीच्या गंजिफाला 2024 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं.

जुने व्हिडिओ गेम जमवणाऱ्याने किमतीचं गणित गंजिफाकडूनच शिकावं, असं माझं ठाम मत आहे. 120 पैकी एक पत्ता हरवला की डाव मांडता येत नाही आणि संचाचा भावही पडतो. गेमचंही तेच. नुसतं यंत्र एका भावाचं, तर खोकं, आतला पुठ्ठा, माहितीचा कागद आणि सेलचं झाकण यांच्यासकट ते दुसऱ्याच भावाचं. सेलचं झाकण आधी हरवतं, म्हणून बघताना यंत्र उलटं करून बघा. ऑनलाइन कुणी किती मागतो याला अर्थ नाही, प्रत्यक्षात कितीला विकलं गेलं ते पाहायचं.

दुसरा भाव गोष्टीचा. रशियन अंतराळवीर अलेक्सांद्र सेरेब्रोव यांनी 1993 मध्ये मीर स्थानकावर नेलेला गेम बॉय 2011 च्या लिलावात 1,220 डॉलरना गेला. आपला ब्रिक गेम अंतराळात गेलेला नसेल, पण जत्रेत तर गेला होता! कुठल्या जत्रेतला, कुणी घेतला, कोणत्या वर्षी, हे चिठ्ठीवर लिहून खोक्यात टाका. कुणकेश्वरची जत्रा महाशिवरात्रीची, पण आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेला ठरलेली तिथी नसते, कौल मिळाल्यावर तारीख ठरते. त्यामुळे ‘आंगणेवाडीला घेतला’ एवढ्याने भागणार नाही, साल हवंच.

नकली मालाची भीती गेम बॉयच्या कार्ट्रिजमध्ये, म्हणजे यंत्रात खोचायच्या खेळाच्या वडीत, जास्त. अस्सल कार्ट्रिजच्या लेबलवर बहुधा दोन आकड्यांचा दाबलेला ठसा असतो, उजेडात तिरकं धरलं की दिसतो. आतल्या बोर्डावर निंटेंडोचं नाव छापलेलं असतं. पोकेमॉनच्या जुन्या कार्ट्रिजमध्ये बटणाएवढा सेल असतो आणि तो संपला की साठवलेला सगळा खेळ पुसला जातो.

किनाऱ्यावर या यंत्रांचे वैरी दोन : खारा वारा आणि विसरलेला सेल. घरातली म्हातारी ट्रान्झिस्टरसाठी जे ओरडायची तेच इथे लागू : “सेल काढून ठेय रे!” सेल गळला की स्प्रिंगवर पांढरी भुकटी बसते आणि तांबं हिरवं पडतं. अल्कलाइन सेलची गळती क्षारयुक्त, म्हणून कापसाच्या बोळ्यावर थोडं व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घेऊन ती पुसायची, मग ती जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून कोरडी करायची. हातमोजे घाला.

ब्रिक गेमच्या पडद्यावरची एखादी ओळ गायब असेल तर लगेच मेला म्हणू नका. काच आणि बोर्ड यांच्यामध्ये रबराची बारीक पट्टी असते, काळ्या-पांढऱ्या रेघांची. तीच जोडणीचं काम करते. पट्टी आणि बोर्डाच्या कडा अल्कोहोलने पुसून, स्क्रू सारखे आवळून बघा, ओळ पुष्कळदा परत येते. बटण दबत नसेल तर त्याखालचा काळा कार्बनचा ठिपका हलक्या हाताने साफ करा. पडद्यावर काळपट डाग पसरला असेल तर मात्र वरची ध्रुवण फिल्म उष्णतेने आणि दमटपणाने गेली, ती बदलावी लागते.

मिरगाआधी सगळं हवाबंद डब्यात भरा, सिलिका जेलच्या पुड्या घाला आणि डबा कौलांखालच्या तापणाऱ्या माळ्यावरून उतरवून खालच्या कपाटात ठेवा. गंजिफाचे पत्ते घरात असतील तर त्यांनाही हाच नियम, फक्त अल्कोहोलचा बोळा त्यांच्या आसपास नेऊ नका. लाखेचा हात त्याने उतरतो.