काळी काच आणि उजेडाचे रुग्ण

मोटारींच्या काचांवर काळी फिल्म चिकटवण्यास सर्वोच्च न्यायालयाने २७ एप्रिल २०१२ रोजी देशभर मनाई केली, तेव्हा मी त्या निर्णयाचे स्वागत केले होते, आजही करतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १०० नुसार पुढच्या व मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे. काळ्या काचेआड गुन्हे झाकले जातात, ही याचिकाकर्त्याची तक्रार निराधार नव्हती. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दिल्लीत जे घडले, त्या बसच्या काचाही गडद होत्या आणि त्यांवर पडदे होते.

मात्र या बंदीला अपवाद मिळाला तो ‘झेड’ आणि ‘झेड प्लस’ सुरक्षा असलेल्यांना. ज्यांना प्रकाशच सोसत नाही, अशा रुग्णांसाठी नियम १०० मध्ये वेगळी तरतूद नाही.

येथे दोन प्रकारचे रुग्ण वेगळे करावे लागतात आणि चर्चेत नेमकी त्यांचीच गल्लत होते. ल्युपस किंवा झेरोडर्मा पिगमेंटोझम असलेल्यांचा मुख्य शत्रू अतिनील किरणे. ती डोळ्यांना दिसत नाहीत. त्यामुळे जवळजवळ पारदर्शक फिल्मही ती अडवू शकते. पुढची काच दोन थरांची असल्याने ही किरणे बरीच रोखते, बाजूची साधी काच तितकी रोखत नाही. या रुग्णांची सोय ५० टक्क्यांच्या मर्यादेतही होऊ शकते. सप्टेंबर २०२४ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने सुधारित नियम १०० चा आधार घेऊन, प्रकाशाची ही मर्यादा पाळणारी फिल्म बेकायदा नाही, असा निर्वाळा दिला आहे.

डोळ्यांच्या रुग्णांचे तसे नाही. वर्णहीनता, जन्मतः बुबुळातील पडदा नसणे, रंगांधळेपणाचा तीव्र प्रकार यांत त्रास देतो तो दृश्य प्रकाशच. गडद चष्मा आणि टोपी हा पहिला उपाय खरा, पण भर दुपारी बाजूने येणारी तिरीप चष्म्याच्या कडेतून शिरतेच. आणि मागच्या सीटवरचे तीन वर्षांचे मूल चष्मा किती वेळ ठेवणार? यांतील अनेक जण स्वतः वाहन चालवत नाहीत. चालकाच्या काचा गडद केल्या तर रात्री रस्ता दिसणे अवघड होते, हा आक्षेप मागच्या बाजूच्या काचांना फारसा लागू पडत नाही.

खरी अडचण निराळी आहे. सवलतींच्या अर्जांवर शेरे लिहिण्यात माझी कित्येक वर्षे गेली. आपल्याकडे अपवाद म्हणजे इभ्रत. १८७८ च्या शस्त्र कायद्यातून युरोपीय लोक वगळलेले होते, एतद्देशीयांना मात्र परवाना लागे. तेव्हापासून ‘मला नियम लागू नाही’ हीच प्रतिष्ठेची खूण होऊन बसली. लाल दिव्याचे तेच झाले; तो १ मे २०१७ रोजी उतरवावा लागला. वैद्यकीय दाखल्यावर काळी काच मिळू लागली, तर पहिली रांग रुग्णांची नसेल, हे मी जाणतो.

म्हणून काय खऱ्या रुग्णाने घरीच बसावे? न्यूयॉर्क राज्यात ७० टक्क्यांचीच मर्यादा आहे. तरीही तेथील आरोग्य विभागाने सुटीस पात्र आजारांची यादी केली आहे. तीत वर्णहीनता आहे, ल्युपस आहे आणि डोळ्यांच्या किंवा मज्जासंस्थेच्या विकारातून आलेली प्रकाशासह्यताही आहे. आपल्याकडे एकट्या डॉक्टरच्या चिठ्ठीऐवजी जिल्हा रुग्णालयाच्या मंडळाचा दाखला मागता येईल. परवाना एका व्यक्तीला, एकाच वाहनाला आणि फक्त मागच्या बाजूच्या काचांना द्यावा. त्याची मुदत ठरवावी आणि नोंद वाहनाच्या नोंदणीपत्रावर करावी, म्हणजे नाक्यावरच्या शिपायाला ती मोबाइलवर दिसेल. चाळीस टक्के अपंगत्वाची अट मात्र येथे लावू नये. प्रकाश न सोसणे त्या मोजपट्टीत नीट बसत नाही.

यासाठी पुन्हा न्यायालयाची पायरी चढण्याची गरज नाही. २०१२ चा निकाल नियम १०० च्या अर्थावर उभा आहे आणि तो नियम बदलण्याचा अधिकार मोटार वाहन कायद्याच्या कलम ११० नुसार केंद्र सरकारकडे आहे. रस्ते वाहतूक मंत्रालयाने मसुदा काढून हरकती मागवाव्यात. नेत्रतज्ज्ञ आणि पोलीस या दोघांनाही तेथे आपले म्हणणे मांडता येईल.