बासरीची फी

दर शनिवारी सकाळी नऊ ते दोन आमच्या बेसमेंटमधून बासरीचे (खरं तर बऱ्याचदा नुसत्या फुंकरीचे) आवाज येत असतात. शिकागोजवळच्या या घरात सध्या माझे 19 विद्यार्थी आहेत. सर्वात लहान आठ वर्षांचा, सर्वात मोठे काका 62 वर्षांचे. सोमवार ते बुधवार मी सॉफ्टवेअर इंजिनिअर असतो, उरलेला आठवडा बासरीवाला. 'अरे, भागतं का त्यात?' हा प्रश्न भारतातून येणाऱ्या प्रत्येक फोनवर असतो, म्हणून आज हिशेबच मांडतो.

मी मिरजेचा. तंबोऱ्यांच्या दुकानांसमोरून शाळेत जायचो. बारावीपर्यंत बासरी शिकलो, मग कॉम्प्युटर इंजिनिअरिंग आणि 2009 मध्ये एमएससाठी इकडे. नोकरी लागल्यावर पुन्हा बासरी हातात घेतली. गणपतीत वाजवलं की लोक विचारायचे, आमच्या मुलाला शिकवाल का? शिकवायला लागलो, पण फुकट. एच-1बी व्हिसावर ज्या कंपनीने तुमच्यासाठी अर्ज केलाय, तिच्याशिवाय कुणाकडूनही कामाचे पैसे घेता येत नाहीत. एखाद्याने प्रेमाने पाकीट पुढे केलं तरी हात मागे घ्यायचा.

फुकट शिकवण्यात मला आनंद होता, पण मुलं टिकत नव्हती. सॉकर आधी, बासरी नंतर. 'आज नाही जमणार' असा मेसेज क्लासच्या दहा मिनिटं आधी यायचा. 2022 मध्ये ग्रीन कार्ड आलं आणि मी अर्ध्या तासाचे 30 डॉलर सांगितले. पंधरापैकी सात जण सोडून गेले. एका ताईंनी तर 'तुम्हीसुद्धा कलेचे पैसे घेणार?' असं तोंडावर विचारलं. वाईट वाटलं. पण उरलेले आठ जण पुढच्या आठवड्यापासून रियाज करून यायला लागले! आणि खरं सांगायचं तर मीही तयारी करून बसायला लागलो.

तयारी म्हणजे काय काय! पन्नालाल घोष यांनी मैफलीत आणलेली लांब बासरी आठ वर्षांच्या बोटांना पुरत नाही, म्हणून लहानांना पांढरी पाचची देतो. हिवाळ्यात हीटर सुरू झाला की घरातली हवा कोरडी पडते आणि बांबू तडकतो. पहिल्याच वर्षी माझी पांढरी तीनची लाडकी बासरी रात्रीतून फुटली. आता दोरा गुंडाळलेल्याच बासऱ्या वापरतो आणि पेटीत ओला स्पंज ठेवतो. झूमवर शिकवायचं तर वेगळाच ताप. लांबवलेला षड्ज त्याला पंख्याचा आवाज वाटतो आणि तो कापून टाकतो! 'ओरिजिनल साउंड' चालू केल्याशिवाय धडा सुरूच करत नाही. आवाज उशिरा पोचतो, त्यामुळे एकत्र वाजवता येत नाही. मी एकदा, मग विद्यार्थ्याने एकदा.

कार्यक्रमांवर घर चालेल या भ्रमात मात्र कुणी राहू नये. एका आयोजकांनी मला 'जेवण आहे, शिवाय ओळखी होतील' असं सांगितलं होतं. त्याच संध्याकाळच्या डीजेचे पैसे आधीच ठरले होते. आता मी बिदागीचं आधीच बोलतो. तरी वर्षाच्या बासरीच्या कमाईतला तीन चतुर्थांश भाग शिकवणीचाच. शिवाय स्वतःचा धंदा म्हटला की सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचे दोन्ही बाजूंचे हिस्से, म्हणजे 15.3 टक्के, आपणच भरायचे. इन्कम टॅक्स वेगळा.

2024 मध्ये कंपनीकडे तीन दिवसांची नोकरी मागितली. पगार घटला, आरोग्य विमा गेला. बायकोच्या नोकरीतून आम्हा सगळ्यांचा विमा आहे म्हणून हे जमलं. हे कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगतो.

माझ्या एमएससाठी बाबांनी घरावर कर्ज काढलं होतं. त्यांना हे कळलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "इंजिनिअर केलं ते याच्यासाठी?" मी म्हणालो, "बाबा, हरिप्रसाद चौरसियांनीसुद्धा कटकच्या आकाशवाणीत नोकरी केलीच की." "त्यांनी बासरीसाठी केली, तू अर्धी सोडलीस," म्हणाले आणि फोन आईकडे दिला. पुढे दोन महिने आमचं बोलणं हवापाण्यापलीकडे गेलं नाही. उत्तर माझ्याकडेही नव्हतं. नोकरी पूर्ण सोडायची हिंमत अजूनही नाही.

पुढच्या महिन्यात आई-बाबा इकडे येताहेत. मुलांसाठी पांढरी पाचच्या सहा बासऱ्या हव्या होत्या. भीत भीत सांगितलं. परवा बाबांचाच फोन आला. बासऱ्या आणल्या होत्या, आईच्या साड्यांत गुंडाळून बॅगही भरून झाली होती.

"तिथं कस्टमवाल्यानं विचारलं तर?" मी काही बोलायच्या आत त्यांनीच ठरवून टाकलं, "मुलाच्या क्लासचं सामान आहे म्हणून सांगतो."