कलम ६६अ आणि डिजिटल हक्क : गैरसमज आणि वस्तुस्थिती

आक्षेपार्ह ऑनलाइन मजकुराला शिक्षा देणारे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ २००८ च्या दुरुस्तीने आले, २७ ऑक्टोबर २००९ पासून अमलात आले आणि २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवले. या निकालाकडे नेणारी अटक तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या पालघरमध्ये झाली होती. पालघर आज स्वतंत्र जिल्हा असल्याने ठाणे-कल्याणकरांना ते प्रकरण परके वाटते. पण पालघर जिल्हा झाला १ ऑगस्ट २०१४ रोजी. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघर हा ठाणे जिल्ह्यातला तालुका होता आणि तिथले पोलीस ठाणे ठाणे ग्रामीणच्या अधीक्षकांच्या अखत्यारीत येत होते. बाळासाहेब ठाकरे यांच्या अंत्यसंस्काराच्या दिवशी, १८ नोव्हेंबरला, मुंबई बंद असण्याबद्दल एका तरुणीने फेसबुकवर प्रश्न उपस्थित केला. तिच्या मैत्रिणीने तो मजकूर 'लाइक' केला. दोघींवर भारतीय दंड संहितेच्या कलम ५०५(२) बरोबर ६६अ लावून अटक झाली. १५ हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर त्या सुटल्या. पुढे ठाणे ग्रामीणचे पोलीस अधीक्षक निलंबित झाले आणि दंडाधिकाऱ्यांची बदली झाली.

या दोघींनीच सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढून कलम रद्द करून घेतले, असे अनेकांना वाटते. तसे नाही. त्यांच्यावरचे प्रकरण निकालाच्या फार आधी बंद झाले होते. अटकेनंतर काही दिवसांतच न्यायालयात गेली ती दिल्लीची २१ वर्षांची श्रेया सिंघल. पालघरच्या तरुणींशी तिची ओळखही नव्हती. परदेशात खगोलभौतिकीचे शिक्षण घेऊन ती परतली होती आणि कायद्याकडे वळू पाहत होती. निकाल लागला तेव्हा ती दिल्ली विद्यापीठात कायद्याची विद्यार्थिनी होती. नंतर पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज, कॉमन कॉज, माउथशट डॉट कॉम यांच्या याचिकाही सोबत ऐकल्या गेल्या. तरी खटला ओळखला जातो तो याच विद्यार्थिनीच्या नावाने.

या निकालाने माहिती तंत्रज्ञान कायदाच मोडीत निघाला, अशी समजूतही आढळते. न्या. चेलमेश्वर आणि न्या. नरिमन यांच्या खंडपीठाने ६६अ पूर्णपणे रद्द केले. 'अत्यंत आक्षेपार्ह', 'त्रास', 'गैरसोय' असे शब्द त्या कलमात होते आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंत होती. कुणाला कशाचा त्रास होईल याला माप नाही. त्यामुळे गुन्हा काय, हे लिहिणाऱ्याला आधी कळू शकत नाही आणि पोलिसालाही ठरवता येत नाही. न्यायालयाने चर्चा, पुरस्कार आणि चिथावणी अशा तीन पायऱ्या वेगळ्या केल्या. बोलणे चिथावणीपर्यंत पोहोचले, तरच घटनेच्या अनुच्छेद १९(२) खाली त्याला आवर घालता येतो, असे त्यात स्पष्ट केले. संकेतस्थळे रोखण्याचा अधिकार देणारे कलम ६९अ मात्र कायम राहिले. कलम ७९ चा अर्थ मर्यादित झाला: न्यायालयाचा आदेश किंवा सरकारची अधिसूचना आल्यावरच मजकूर हटवण्याची जबाबदारी ऑनलाइन मंचावर येते, कुणा खासगी माणसाने नुसती तक्रार केली म्हणून नाही.

सर्वांत महागात पडलेला गैरसमज असा, की सर्वोच्च न्यायालयाने रद्द केलेले कलम त्याच दिवशी संपते. कायद्याच्या दृष्टीने ते संपते. व्यवहारात ६६अ अनेक वर्षे वापरात राहिले. न्यायालय कायद्याच्या पुस्तकातून ओळी पुसत नाही. छापील प्रतीत कलमाचा मजकूर जसाच्या तसा राहतो आणि तो रद्द झाल्याची नोंद बारीक अक्षरांत तळटीपेत जाते. गुन्हा नोंदवताना अंमलदार कलमाचा क्रमांक वाचतो, तळटीप वाचत नाही. २०१८ मध्ये अपार गुप्ता आणि अभिनव सेखरी या दोन वकिलांनी इंटरनेट फ्रीडम फाउंडेशनसाठी लिहिलेल्या निबंधात अशा मेलेल्या पण वापरातल्या कलमांचा मागोवा घेतला. फेब्रुवारी २०१९ मध्ये न्यायालयाने निकालाच्या प्रती उच्च न्यायालये आणि राज्यांचे मुख्य सचिव यांच्याकडे पाठवायला सांगितले. तरीही मार्च २०२१ मध्ये ११ राज्यांत ६६अ खालचे ७४५ खटले जिल्हा न्यायालयांत प्रलंबित असल्याची आकडेवारी याचिकाकर्त्यांनी सर्वोच्च न्यायालयापुढे ठेवली. अखेर १२ ऑक्टोबर २०२२ रोजी न्यायालयाने या कलमाखाली कुणावरही खटला चालवू नये, असे स्पष्ट फर्मावले. निकालापासून या आदेशापर्यंत साडेसात वर्षे गेली. हे अंतर कमी करायला मोठी घटनात्मक विद्वत्ता लागत नाही. प्रथम खबरी अहवाल आणि दोषारोपपत्र यांतली कलमे एकेक करून तपासणारी माणसे लागतात, आणि हे काम विधी महाविद्यालयातला दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थीही नीट करू शकतो.

याच्या उलट टोकाचा समज म्हणजे '६६अ गेले, आता मजकुरासाठी अटक होऊच शकत नाही'. मे २०२२ मध्ये ठाणे पोलिसांनी एका मराठी अभिनेत्रीला एका ज्येष्ठ राजकीय नेत्याविषयीच्या फेसबुक मजकुरावरून अटक केली. गुन्हा कळव्यात नोंदवला गेला होता. ठाण्याच्या न्यायालयाने तिला २२ जूनला जामीन दिला, म्हणजे महिन्याहून अधिक काळ ती कोठडीत होती. तेव्हा लावलेली कलमे दंड संहितेतली होती: अब्रुनुकसानी, समाजगटांत वैर वाढवणे वगैरे. १ जुलै २०२४ पासून हेच गुन्हे भारतीय न्याय संहितेत आले आहेत: समाजगटांत वैर वाढवण्यासाठी कलम १९६, धार्मिक भावना दुखावण्यासाठी २९९, सार्वजनिक अशांततेला चिथावणी देणाऱ्या विधानांसाठी ३५३ आणि अब्रुनुकसानीसाठी ३५६.

पण गुन्हा नोंदला म्हणजे अटक करायलाच हवी, असेही नाही. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांत अटकेची गरज का आहे, हे पोलिसांनी लेखी कारणांसह दाखवावे लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१४ मध्ये अर्नेश कुमार खटल्यात बजावले. अटकेची गरज नसेल तर हजर राहण्याची नोटीस द्यायची असते. ही तरतूद आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) मध्ये आहे. वर दिलेले सर्व गुन्हे याच मर्यादेत बसतात. नोटीस हातात पडली की ती घाबरून बाजूला ठेवणे सर्वांत वाईट. तिचे पालन करत राहणाऱ्याला पोलिसांनी वेगळी कारणे नोंदवल्याशिवाय अटक करता येत नाही.

सोसायटीच्या किंवा शाळेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपचा अॅडमिन प्रत्येक सदस्याच्या मजकुराला जबाबदार असतो, ही धास्ती गृहनिर्माण संस्थांच्या ठाणे-कल्याण पट्ट्यात घरोघरी आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १ मार्च २०२१ रोजी गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात अॅडमिनविरुद्धचा गुन्हा रद्द केला. सदस्य जोडणे आणि काढणे एवढेच अॅडमिनच्या हाती असते, असे न्यायालयाने तेव्हा म्हटले. सदस्याचा मजकूर आधी तपासण्याची सोय त्याच्याकडे नसते. दोघांचा सामाईक इरादा किंवा आधीच ठरलेला कट असल्याशिवाय त्याला गोवता येत नाही.

कायद्याचे शिक्षक आणि विद्यार्थी यांच्याविषयीचे गैरसमज वेगळ्या जातीचे आहेत. 'सनद मिळेपर्यंत विद्यार्थी काहीच करू शकत नाही' हा त्यांतला पहिला. अॅडव्होकेट्स कायद्याने सनदेविना दुसऱ्याच्या वतीने वकिली करता येत नाही, हे खरे. पण नागरिक म्हणून स्वतः याचिकाकर्ता व्हायला सनद लागत नाही. २०१६ मध्ये दोन विद्यार्थ्यांनी व्हॉट्सअॅपच्या बदललेल्या गोपनीयता धोरणाला दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले आणि २५ सप्टेंबरपूर्वी अॅप सोडणाऱ्यांची माहिती पुसून टाकण्याचा आदेश मिळवला. पुढे तो वाद सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठापर्यंत गेला.

पूर्णवेळ प्राध्यापक वकिली करू शकत नाहीत, म्हणून ते केवळ वर्गापुरते, हाही तसाच समज. वकिलाला रोज तीन तासांपर्यंत कायदा शिकवण्याची मुभा १९७९ च्या नियमांनी दिली आहे. पूर्णवेळ पगारी प्राध्यापकाला न्यायालयात उभे राहता येत नसले, तरी त्याच्या लेखणीवर बंधन नाही. देसाईगंज पोलीस ठाण्यातल्या मथुरा बलात्कार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना सोडून दिल्यावर १६ सप्टेंबर १९७९ रोजी उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या चार शिक्षकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. त्यातून उभ्या राहिलेल्या चळवळीने १९८३ ची फौजदारी कायद्यातली दुरुस्ती घडवली. डिजिटल हक्कांच्या प्रश्नावर एखाद्या अध्यापकाने काय करावे, याचा याहून चांगला नमुना महाराष्ट्राला बाहेरून आणावा लागत नाही.

विद्या प्रसारक मंडळाचे टीएमसी विधी महाविद्यालय किंवा मुंबई विद्यापीठाच्या ठाणे उपकेंद्रातला पाच वर्षांचा विधी अभ्यासक्रम अशा ठिकाणच्या विद्यार्थ्यांसाठी विधी सेवा केंद्र हा कायद्याने मान्य केलेला मार्ग आहे. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम ४(ट) मध्ये विद्यापीठे आणि विधी महाविद्यालयांत अशी केंद्रे काढण्याची तरतूद आहे. २०११ च्या नियमावलीने त्यांचे कामकाज आखून दिले. अध्यापकाच्या देखरेखीखाली विद्यार्थी नोटिशीचे उत्तर आणि तक्रारीचा मसुदा तयार करू शकतात किंवा माहिती अधिकाराचा अर्ज लिहून देऊ शकतात. महाराष्ट्रात या अर्जाला दहा रुपयांचे शुल्क आणि दीडशे शब्दांची मर्यादा आहे. ठाणे पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत २०१५ नंतर ६६अ खाली किती गुन्हे नोंदले गेले, हे विचारायला तेवढे शब्द पुरतात.

मोफत कायदेशीर मदत फक्त गरिबांना मिळते, ही समजूतही दूर व्हायला हवी, कारण मजकुरावरून अडकलेला माणूस बहुधा मध्यमवर्गीय असतो. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि कोठडीत असलेली कोणतीही व्यक्ती यांना उत्पन्नाची अट लागू नाही. अर्ज ठाण्यात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे, कल्याणमध्ये तालुका विधी सेवा समितीकडे करता येतो. १५१०० या क्रमांकावर दूरध्वनी केला तरी चालतो.