माळढोकाला माळ हवा

आपल्या सीमाभागात एकाच पक्ष्याला किती नावे! सोलापूरकडे तो माळढोक. जुन्या माणसांच्या तोंडी ‘हूम’, कारण विणीच्या दिवसांत नर गळ्याची पिशवी फुगवून घुमतो तो आवाज तसाच. कर्नाटकात तो एर्लड्डू, आणि बळ्ळारीकडे चक्क एरेभूत. एरे म्हणजे काळी जमीन, तेव्हा काळ्या रानातले भूतच म्हणायचे! मीटरभर उंच, नर पंधरा किलोपर्यंत भरणारा, पण गवतात निश्चल उभा राहिला की दिसायचा नाही. आता तर तो खरोखरच भूत व्हायच्या बेतात आहे.

सोलापूर-बार्शी रस्त्यावर, सोलापूरपासून वीसेक किलोमीटरवर नान्नज आहे. १९७२च्या सुमारास सोलापूरचे पक्षिनिरीक्षक बी. एस. कुलकर्णी यांनी इथल्या माळढोकांकडे सगळ्यांचे लक्ष वेधले. अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमात माळाचे काही तुकडे राखले गेले, तिथे गवत वाढले आणि पक्षी टिकला. १९७९मध्ये अभयारण्य जाहीर झाले. पुढे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे डॉ. असद रहमानी यांनी इथे अभ्यास केला आणि नान्नजचे नाव देशभर गेले.

मग बिघडले कुठे?

पहिली गोष्ट कागदावरची. अभयारण्याची हद्द आखली गेली ८,४९६ चौरस किलोमीटर! सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांतली गावे, शेते, बाजारपेठा सगळी त्यात. प्रत्यक्षात राखलेला माळ त्यातला चिमूटभर, पण निर्बंध सगळ्यांना. जमिनीचे व्यवहार अडले, कामे रखडली. ज्याने आयुष्यात माळढोक पाहिला नाही, त्या शेतकऱ्यानेही त्याच्या नावाने बोटे मोडली. त्याला दोष कसा द्यावा? २०१२च्या सुमारास हद्द १,२२२ चौरस किलोमीटरवर आली, पण तोवर पक्षी बोटांवर मोजण्याइतके उरले होते. अलीकडच्या वर्षांत एखादी मादी दिसली तरी बातमी होते.

दुसरी गोष्ट आपल्या बोलण्यातली. माळाला आपण ‘पडीक’ म्हणतो, कन्नडमध्ये ‘पाळु भूमी’. एकदा पडीक म्हटले की सुधारणा आलीच: कुठे झाडे लावली, कुठे कालव्याच्या पाण्यावर ऊस उभा राहिला. राणेबेन्नूरच्या काळविटांच्या अभयारण्यात नीलगिरीची लागवड झाली, आणि तिथला माळढोकही दिसेनासा झाला. झाड लावणे पुण्याचे काम खरे, पण गवताळ रानात ते उपऱ्यासारखे असते. माळढोकाला चहूकडे लांबवर दिसणारे उघडे रान लागते. मादी वर्षाकाठी बहुधा एकच अंडे घालते, तेही उघड्या जमिनीवर. एक कुत्रे, एक चुकार पाऊल, आणि वर्ष वाया. वास्तविक जुन्या लोकांना माळाची किंमत ठाऊक होती. आपले गायरान आणि कन्नडमधले ‘गोमाळ’ दोन्ही गुरांच्या चाऱ्यासाठी राखलेलेच. गोमाळात आपला ‘माळ’ ऐकू येतो की नाही पाहा!

तिसरी गोष्ट विजेच्या तारांची. या जड पक्ष्याला समोरचे नीट दिसत नाही आणि ऐनवेळी वळताही येत नाही. राजस्थानात जैसलमेरच्या वाळवंटी माळावर, जिथे देशातले बहुतेक माळढोक उरलेत, तिथे पवन आणि सौरऊर्जेच्या तारा मोठ्या मारक ठरल्या. २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या जमिनीखालून नेण्याचा आदेश दिला, २०२४मध्ये तो सौम्य करून तज्ज्ञांची समिती नेमली. प्रदूषण नको म्हणून आणलेली वीज माळढोकाच्या मुळावर यावी, हा पेच सोपा नाही.

जैसलमेरजवळ सम येथे २०१९पासून भारतीय वन्यजीव संस्था आणि राजस्थान वनविभाग माळढोकांची पैदास करत आहेत. रानातली अंडी आणून उबवली, पिल्ले वाढवली. २०२४मध्ये कृत्रिम रेतनातून पहिले पिल्लूही जन्मले. आनंदाची बातमी, यात शंका नाही. पण ही पिल्ले मोठी झाल्यावर सोडायची कुठे? सोलापूरची किंवा बळ्ळारीची नावे त्या यादीत यावीत असे वाटत असेल, तर गवत आज राखायला हवे. माझ्या मते अवाढव्य हद्दीपेक्षा गावोगावचे गायरान राखणे, आणि त्याचा चारा गावाच्याच पदरात टाकणे, हे अधिक कामाचे. मेंढपाळाला शत्रू ठरवून तर काहीच साधणार नाही.

मुलांना घेऊन नान्नजला जायचे असेल तर पावसाळा सरल्यावर जावे. माळढोक दिसेल या भरवशावर मात्र जाऊ नये. काळविटांचे कळप दिसतात, नशीब असेल तर लांडगाही. गवतावरून भोवत्या घिरट्या घालत असतो, चंडोल गात वर चढतो. वनविभागाची परवानगी आधी काढावी आणि मळकट रंगाचे कपडे घालावेत.