हुतूतू आणि आपल्या मुली

हुतूतू कोणास ठाऊक नाहीं? पूर्णेकांठच्या कोणत्याही गांवीं संध्याकाळीं जावें. देवळापुढच्या मोकळ्या जागेंत टाचेनें ओढलेल्या रेघा आणि धुळीनें माखलेलीं मुलें दिसावयाचींच. या खेळास चेंडू नको, काठी नको, जाळें नको, कीं वर्गणी नको. जें फुकट मिळतें त्याची किंमत राहत नाहीं, हें त्याचें दुर्दैव. आज कबड्डी या नांवानें तो देशोदेशीं खेळला जातो. त्यांत आपल्या देशाच्या स्त्रियांनीं काय मिळविलें व काय गमावलें, याचा हिशेब विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें मांडावा म्हणून हा लेख.

हिशेबाचा आरंभ अमरावतीपासूनच करावा लागतो. वैद्य बंधूंनीं १९१४ सालीं स्थापिलेल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचें पथक १९३६ सालीं ऑलिंपिक सामन्यांच्या वेळीं बर्लिन येथें गेलें व तेथें त्यानें आपले देशी खेळ करून दाखविले. त्यांत हा खेळ होता. त्याच उन्हाळ्यांत त्याच शहरीं हँडबॉल मात्र नुसता दाखविण्यासाठीं नव्हे, तर पदकासाठीं खेळला गेला. तेव्हां त्यांत एकेका बाजूस अकरा गडी असत. यजमान जर्मनीनेंच तें पदक जिंकलें. पुढें तो खेळ सात गड्यांचा होऊन छपराखालीं आला, आणि १९७६ सालीं माँट्रियल येथें स्त्रियांचा हँडबॉलही ऑलिंपिकमध्यें शिरला. आपला हुतूतू त्या दाराबाहेरच राहिला. आशियाई क्रीडास्पर्धेंत १९९० सालीं बीजिंग येथें त्यास पदकाचा मान मिळाला, परंतु तो पुरुषांपुरता. स्त्रियांस आणखी वीस वर्षें थांबावें लागलें.

ज्या पालकांचा या खेळाशीं संबंध लहानपणींच सुटला, त्यांच्यासाठीं दोन शब्द. प्रत्येक बाजूस सात गडी. चढाई करणारीनें एका दमांत ‘कबड्डी’चा घोष चालूं ठेवून तीस सेकंदांच्या आंत परतावयाचें. जितक्या प्रतिस्पर्धी गड्यांस ती शिवून येईल तितके गुण तिच्या संघास. ती पकडली गेली तर गुण दुसऱ्या बाजूस. समोरचा सर्व संघ बाद झाला म्हणजे ‘लोण’ चढतें व दोन गुण अधिक मिळतात. पुरुषांचें मैदान १३ मीटर लांब व १० मीटर रुंद, स्त्रियांचें १२ मीटर लांब व ८ मीटर रुंद. मैदान लहान म्हणून खेळ सोपा, असें मात्र कोणी समजूं नये. अरुंद जागेंत बगल देऊन निसटण्यास वाव थोडा, आणि पकडणारीचे हात जवळ.

२०१० सालीं ग्वांगझू येथें स्त्रियांची पहिली आशियाई स्पर्धा झाली. अंतिम सामन्यांत आपल्या संघानें थायलंडला २८-१४ असें हरविलें. २०१२ सालीं पाटणा येथें पहिला विश्वचषक. तेथें इराणवर २५-१९ असा जय मिळाला. त्या संघांत आपल्या महाराष्ट्राच्या सुवर्णा बारटक्के, दीपिका जोसेफ आणि अभिलाषा म्हात्रे या तिघी होत्या. २०१४ सालीं इंचॉन येथें पुन्हां इराण, पुन्हां जय, ३१-२१. मग हा खेळ आमचा आणि सोनेंही आमचेंच, असें लोक बोलूं लागले.

२०१८ सालीं ऑगस्टच्या २४ तारखेस जकार्ता येथें इराणनें आपला २७-२४ असा पराभव केला. तीन गुणांचें अंतर म्हणजे एक लोण आणि एक पकड! ज्या संघास आपण दोनदां हरविलें होतें, त्यानेंच सोनें नेलें. या पराभवामागें एक मराठी बाई होत्या, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसेल. इराणच्या संघाच्या प्रशिक्षिका नाशिकच्या श्रीमती शैलजा जैन. आपल्या देशाच्या संघास शिकवावें ही त्यांची इच्छा होती, परंतु ती संधी त्यांस मिळाली नाहीं. मग त्या इराणांत गेल्या, तेथील मुलींशीं बोलतां यावें म्हणून फारसी शिकल्या, आणि खेळाबरोबर योगासनें व प्राणायामही शिकवूं लागल्या. एका दमाच्या खेळांत प्राणायामाचें महत्त्व काय, हें सांगावयास नको. त्यांस कोणी दोष देऊं नये. विद्या जेथें मागितली जाते तेथें जाते. आपण ती मागितली नाहीं, एवढेंच.

पुढची आशियाई स्पर्धा सांथीमुळें एक वर्ष लांबून २०२३ सालीं हांगझू येथें झाली. या वेळीं अडथळा तैवानचा, म्हणजे चिनी तैपेई या नांवानें उतरणाऱ्या संघाचा. गटांतील सामना ३४-३४ असा बरोबरींत सुटला. ऑक्टोबरच्या ७ तारखेस अंतिम सामन्यांत तोच संघ समोर आला. मध्यंतरास आपण १४-९ असे पुढें होतों, तरीही ती आघाडी विरघळली, आणि शेवटीं २६-२५ अशा एकाच गुणानें सोनें परत आलें. त्या स्पर्धेंतील भारताचें तें शंभरावें पदक. विजयी संघांत पुण्याच्या स्नेहल शिंदे होत्या. नंतर २०२५ सालीं ढाका येथील विश्वचषकांतही तैवानलाच ३५-२८ असें हरवून आपला संघ अजिंक्य ठरला. आशियाई स्पर्धेंत चार वेळां उतरून तीन सुवर्ण व एक रौप्य, आणि दोन्ही विश्वचषक, असा हा हिशेब.

पांच-सहा वर्षांपूर्वीं आमच्या नववींत एक मुलगी होती. तिच्यासारखी चढाई मीं मुलांतही क्वचितच पाहिली. विभागीय सामन्यांस जाण्याच्या आदल्या दिवशीं तिची आई शाळेंत आली व म्हणाली, “सर, पोरीचा हातपाय मोडला त उद्या तिले कोन पाह्यते?” मीं गप्प राहिलों. वर, दहावी जवळ आली आहे, अभ्यासाकडे लक्ष असलेलें बरें, असेंही कांहीं बोललों. मुलगी गेली नाहीं. तिला दहावींत गुण चांगले मिळाले. पण माझ्या त्या बोलण्याचें समाधान मला आजतागायत वाटलेलें नाहीं.

त्या माउलीचा प्रश्न खोटा नव्हता. आमच्या मुली कठीण मातींत खेळतात आणि मोठे सामने गादीवर होतात. मातींत गुडघे सोलवटतात. गादीवर पाय निराळा टाकावा लागतो, आणि ज्या मुलीनें गादी प्रथम सामन्याच्या दिवशींच पाहिली ती अडखळते. शाळांनीं मिळून वर्षांतून कांहीं दिवस तरी मुलींना गादीवर सराव करूं दिला, आणि पडावें कसें तें आधीं शिकविलें, तर आईचें भय पुष्कळ कमी होईल.

शालेय सामने १४, १७ व १९ वर्षांखालील अशा तीन वयोगटांत होतात. तालुका, जिल्हा, विभाग व राज्य अशा त्यांच्या पायऱ्या आहेत. अमरावती व अकोला हे जिल्हे एकाच विभागांत येतात, म्हणून आपल्या मुलींची गांठ प्रथम शेजारच्यांशींच पडते. शाळेबाहेरच्या राष्ट्रीय अजिंक्यपद सामन्यांत विदर्भाचा संघ महाराष्ट्राच्या संघाहून निराळा उतरतो. वऱ्हाडच्या मुलीस त्या संघाची वाट मोकळी आहे. त्या आईची धाकटी मुलगी यंदां आठवींत आली आहे. परवां तिचें नांव सामन्यांच्या यादींत घालावें कीं नाहीं, असें विचारण्यास मीं स्वतः त्यांच्या घरीं गेलों होतों.