उद्याच्या मोटारींचे इंधन आणि शेतकऱ्याची जमीन

मोटार हे आता केवळ शहरातील सुखवस्तू लोकांचे वाहन राहिलेले नाही. बाजारात भाजीपाला नेणारा टेम्पो, दूध संकलनाची गाडी, शेतावर जाण्यायेण्याची मोटारसायकल आणि नांगरटीचा ट्रॅक्टर ही सर्व इंधनावर चालणारी यंत्रे आज खेड्यापाड्यांतून दिसतात. या इंधनासाठी लागणाऱ्या खनिज तेलापैकी शेकडा ८५ हून अधिक तेल आपल्या देशास परदेशांतून आणावे लागते. या तेलाचे साठे मर्यादित आहेत. त्याच्या ज्वलनाने हवा दूषित होते व वातावरणाचे तापमान वाढते. शिवाय दूरच्या देशांत युद्ध पेटले की त्याची झळ येथील डिझेलच्या पंपापर्यंत येऊन पोहोचते. यास्तव पेट्रोल व डिझेल यांना पर्याय शोधण्याचे प्रयत्न जगभर चालू आहेत.

या पर्यायांपैकी इथेनॉल म्हणजे मद्यार्क शेतातून निघतो, जैववायू गोठ्यातून निघतो आणि वीज शेताच्या बांधावरही निर्माण करता येते. मोटारीच्या टाकीत उद्या काय भरले जाणार, हा प्रश्न म्हणूनच मोटारमालकाइतका शेतकऱ्याचाही आहे. कोणते पीक घ्यावे आणि विहिरीचे पाणी कशावर खर्चावे, हे त्याच्या उत्तरावर पुष्कळसे अवलंबून राहणार आहे.

ही कल्पना नवी नव्हे

मोटारीचा इतिहास पाहिला तर असे दिसून येते की, आज ज्यांना आपण नवी इंधने म्हणतो त्यांतील बहुतेक फार जुनी आहेत. १८९९ साली ताशी १०० किलोमीटरचा वेग प्रथम ओलांडणारी मोटार विजेवर चालणारी होती. १९०० सालच्या पॅरिस येथील प्रदर्शनात डिझेल पद्धतीचे एक इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखविण्यात आले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पेट्रोलची टंचाई झाली तेव्हा हिंदुस्थानातील अनेक मोटारी लोणारी कोळशापासून निघणाऱ्या वायूवर धावत. मद्यार्क पेट्रोलमध्ये मिसळण्यासाठी १९४८ सालीच आपल्याकडे स्वतंत्र कायदा करण्यात आला होता. परंतु खनिज तेल स्वस्त व मुबलक मिळू लागताच हे प्रयत्न मागे पडले. ते आता पुन्हा पुढे आले आहेत.

इथेनॉल

साखर किंवा पिष्टमय पदार्थ आंबवून व त्याचे ऊर्ध्वपातन करून इथेनॉल तयार होते. साखर कारखान्यात शेवटी उरणाऱ्या एक टन मळीपासून सुमारे २२५ लिटर, साखरेचा अंश अधिक असलेल्या बी-हेवी मळीपासून सुमारे ३०० लिटर, तर मक्यापासून टनास सुमारे ३८० लिटर इथेनॉल मिळते. थेट उसाच्या रसापासून काढल्यास एक टन उसामागे सुमारे ७० लिटर मिळते. मात्र तेव्हा त्या उसाची साखर होत नाही.

आपल्या देशात पेट्रोलमध्ये शेकडा ५ इथेनॉल मिसळण्यास २००३ साली काही राज्यांतून आरंभ झाला. हे प्रमाण २०२२ साली शेकडा १० वर पोहोचले. शेकडा २० मिश्रणाच्या पेट्रोलची विक्री २०२३ साली सुरू झाली आणि २०२५ साली देशभर त्या प्रमाणाचे उद्दिष्ट गाठले गेले.

एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश इतकीच ऊर्जा असते. त्यामुळे शेकडा २० मिश्रणाच्या इंधनातील ऊर्जा शुद्ध पेट्रोलपेक्षा शेकडा ६ ते ७ ने कमी भरते. इंजिनात ठोका न बसता दाब सहन करण्याचा गुण इथेनॉलमध्ये अधिक असल्याने, त्यासाठीच बांधलेल्या इंजिनात ही तूट काही अंशी भरून निघते. जुन्या इंजिनात ती भरून निघत नाही.

इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते. पाणी फार झाले म्हणजे इथेनॉल व पाणी मिळून टाकीच्या तळाशी वेगळे साचतात. जुन्या बनावटीच्या रबरी नळ्या व पडदे त्याने फुगतात. म्हणून पेट्रोलवर चालणारे फवारणी पंप, गवत कापणी यंत्रे व इतर लहान इंजिने हंगाम संपल्यावर इंधनासह ठेवून देऊ नयेत. टाकी रिकामी करावी, कार्ब्युरेटरमधील इंधन संपेपर्यंत इंजिन चालवावे आणि पावसाळ्यात टाकीचे झाकण घट्ट बसते की नाही, हे पाहावे.

ब्राझीलचा अनुभव

या बाबतीत ब्राझील देशाचा अनुभव उद्बोधक आहे. तेलाचे दर भडकल्यामुळे १९७५ साली तेथील सरकारने उसापासून मद्यार्क करण्याची मोठी योजना हाती घेतली. १९७९ साली केवळ मद्यार्कावर चालणारी मोटार बाजारात आली आणि काही वर्षांतच तेथे विकल्या जाणाऱ्या बहुतेक नव्या मोटारी त्या प्रकारच्या झाल्या. पुढे तेल स्वस्त झाले व साखरेस चांगला भाव येऊ लागला. कारखाने साखरेकडे वळले. १९८९-९० च्या सुमारास पंपांवर मद्यार्क मिळेनासा झाला आणि अशा मोटारींवरील लोकांचा विश्वास उडाला. तो परत येण्यास २००३ साल उजाडले. त्या वर्षी पेट्रोल, इथेनॉल किंवा दोहोंचे कोणतेही मिश्रण चालेल अशी मोटार तेथे निघाली.

आपल्याकडेही असा प्रसंग आला होता. पाऊस कमी झाल्यामुळे साखरेचे उत्पादन घटण्याची चिन्हे दिसताच डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर सरकारने बंधने घातली व पुढील हंगामासाठी २०२४ साली ती उठविली. अन्न व इंधन ही दोन्ही एकाच पिकातून काढावयाची असतील तर असे चढउतार होणारच, हे गृहीत धरून चालणे शहाणपणाचे ठरेल.

एका एकरातून किती किलोमीटर?

निरनिराळ्या इंधनांची तुलना करण्याची शेतकऱ्यास समजेल अशी एक सोपी रीत आहे. एक एकर जमिनीतून मिळणाऱ्या इंधनावर मोटार वर्षाकाठी किती अंतर धावेल, हे पाहावे.

एकरी ३५ टन ऊस धरला आणि सर्व रसापासून इथेनॉल केले, तर सुमारे २,४५० लिटर इथेनॉल मिळेल. पेट्रोलवर लिटरला १५ किलोमीटर धावणारी मोटार शुद्ध इथेनॉलवर सुमारे १० किलोमीटर धावेल. म्हणजे एका एकरातून अंदाजे २४,५०० किलोमीटर प्रवास होईल.

आता त्याच एक एकरावर सौर पट्ट्या उभारल्या असे समजा. एक मेगावॉट क्षमतेच्या सौर प्रकल्पास सुमारे ५ एकर जागा लागते व त्यापासून वर्षाला सुमारे १५ लाख युनिट वीज मिळते. म्हणजे एकरी ३ लाख युनिट. विजेची मोटार एका युनिटमध्ये सुमारे ६ किलोमीटर धावते. वहनातील व बॅटरी चार्ज करण्यातील तुटीपोटी एक-चतुर्थांश वीज वजा केली तरी १३ लाख किलोमीटरहून अधिक अंतर होते. उसाच्या मानाने हे पन्नासपटीहून अधिक आहे.

एवढा मोठा फरक पडण्याचे कारण असे की, पिकाचे पान सूर्यप्रकाशाचा अत्यल्प अंश साठविते, तर सौर पट्टी शेकडा २० च्या आसपास प्रकाशाची वीज करते. पेट्रोलचे इंजिन इंधनातील पुष्कळशी ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया घालविते, तर विजेची मोटर बहुतेक सर्व ऊर्जा चाकाकडे पोहोचविते.

पाण्याचा हिशेबही डोळ्यांआड करून चालणार नाही. नीती आयोगाने २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या आराखड्यानुसार उसापासून एक लिटर इथेनॉल मिळविण्यास सुमारे २,८६० लिटर पाणी लागते. वरील मोटारीच्या हिशेबाने किलोमीटरमागे २८६ लिटर पाणी होते. ज्या तालुक्यांत उन्हाळ्यात पिण्याचे पाणी टँकरने आणावे लागते, तेथे हा आकडा प्रत्येक शेतकऱ्याने ध्यानात ठेवावा. सौर पट्टीस पट्ट्या धुण्यापुरतेच पाणी लागते आणि ती मुरमाड, पडीक जमिनीवरही उभी राहते. तथापि तिला आरंभी मोठे भांडवल लागते, ती धान्य देत नाही व वैरणही देत नाही. म्हणून पिकाऊ काळी जमीन तिच्याखाली घालणे इष्ट नाही.

गोठ्यातून मिळणारे इंधन

शेण, काडीकचरा व साखर कारखान्यातील प्रेसमड हवाबंद टाकीत कुजविले म्हणजे जो वायू निघतो त्यात शेकडा ५५ ते ६० मिथेन असतो. उरलेला भाग मुख्यत्वे कर्बद्विप्राणील वायूचा असतो. हा वायू व गंधकयुक्त वायू काढून टाकून मिथेन दाबाखाली भरला म्हणजे तो मोटारीत वापरल्या जाणाऱ्या सीएनजीसारखाच होतो. अशा वायूच्या उत्पादनास उत्तेजन देण्यासाठी केंद्र सरकारने २०१८ साली ‘सतत’ ही योजना सुरू केली.

साधारणतः २५ किलो ताज्या शेणापासून एक घनमीटर गोबर गॅस मिळतो. एक किलो शुद्ध मिथेनसाठी सुमारे ७० किलो शेण लागते. एका जनावराचे रोजचे शेण १० किलो धरल्यास सात जनावरांमागे दिवसाला एक किलो इंधन मिळते व त्यावर लहान मोटार २० ते २५ किलोमीटर जाते. मिथेनमध्ये केवळ कर्ब व उद्जन असल्याने शेणातील नत्र, स्फुरद व पालाश ही अन्नद्रव्ये टाकीतून बाहेर पडणाऱ्या रबडीतच राहतात. इंधनही मिळावे आणि खतही हातचे जाऊ नये, असा हा पर्याय आहे. त्यासाठी वेगळी जमीन लागत नाही.

दोन-चार जनावरे असलेल्या कुटुंबाने मात्र हा वायू स्वयंपाकासाठी वापरणेच अधिक फायद्याचे आहे. मोटारीसाठी वायू शुद्ध करणे व दाबाने भरणे हे काम दूध संघ, साखर कारखाना अथवा अनेक गावांनी मिळून उभारलेला प्रकल्प यांनाच परवडते. घरच्या घरी गोबर गॅस टाकीत दाबून भरण्याचा प्रयत्न कोणीही करू नये. त्यात स्फोटाचा धोका असतो.

वीज व हायड्रोजन

विजेच्या मोटारीतील मुख्य अडचण बॅटरीची आहे. एक किलो पेट्रोलमध्ये सुमारे १२ युनिट इतकी ऊर्जा असते, तर एक किलो लिथियम बॅटरीत पाव युनिटही क्वचितच मावते. त्यामुळे बॅटरी जड व महाग होते आणि ती चार्ज होण्यास वेळ लागतो. आपल्या देशातील बरीचशी वीज अद्याप कोळशापासून होते, हाही विचार करावा लागतो. गावातील रोजच्या ठरावीक फेऱ्यांसाठी व दिवसा सौर विजेवर चार्ज करण्याची सोय असल्यास मात्र विजेची दुचाकी किंवा तीनचाकी आजही सोयीची आहे.

हायड्रोजन जाळला असता केवळ पाण्याची वाफ होते. परंतु एक किलो हायड्रोजन पाण्यापासून काढण्यास ५० युनिटहून अधिक वीज लागते व तो अतिशय उच्च दाबाखाली साठवावा लागतो. तीच वीज बॅटरीत भरली तर मोटार त्याच्या दुपटीहून अधिक अंतर जाते. यास्तव लहान मोटारींपेक्षा कारखाने व अवजड वाहने यांनाच त्याचा उपयोग होण्याचा संभव अधिक आहे. युरियासाठी लागणारा अमोनिया हायड्रोजनपासूनच होतो, म्हणून शेतकऱ्याशी त्याचा संबंध इंधनापेक्षा खताच्या मार्गाने येईल, असे दिसते.

वन एरंडाचा धडा

नव्या इंधनाच्या वार्तेने घाईघाईत पीक बदलणे किती महाग पडते, हे वन एरंडाच्या लागवडीने दाखवून दिले आहे. २००३ नंतर या झुडपाच्या बियांपासून डिझेल करण्याच्या योजनांचा मोठा बोलबाला झाला. पडीक जमिनीत, पाण्यावाचून भरघोस बी येईल असे सांगण्यात आले. प्रत्यक्षात अशा जमिनीत उत्पन्न फारच कमी आले, सुधारित वाण हाती नव्हते व बियांस खात्रीचा ग्राहकही नव्हता. पुष्कळ ठिकाणी ही झाडे उपटून टाकावी लागली.

यावरून काही गोष्टी स्पष्ट होतात. इंधनासाठी पीक घ्यावयाचे असल्यास खरेदीदार कोण, भाव कसा ठरणार व तो लेखी आहे काय, हे आधी पाहावे. मक्यासारखे जे पीक इंधनास न गेल्यास अन्न किंवा पशुखाद्य म्हणून विकता येते, ते तुलनेने सुरक्षित समजावे. उसाखालील क्षेत्र वाढविण्यापूर्वी मे महिन्यातील विहिरीची पातळी मोजावी आणि जो ऊस आहे त्यास ठिबक सिंचन करावे. वीज उपकेंद्राजवळ पडीक जमीन असेल तर ती सौर प्रकल्पास भाडेपट्ट्याने देता येईल किंवा कसे, याची चौकशी करावी. भाडेपट्ट्याची मुदत व अटी नीट वाचल्यावाचून सही करू नये.

उद्याची मोटार एकाच इंधनावर चालेल असे नाही. कोठे इथेनॉल, कोठे वायू व कोठे वीज वापरली जाईल आणि काळानुसार त्यांचे प्रमाण बदलत राहील. मोटार बदलणे सोपे असते, परंतु उपसून गेलेले पाणी व खालावलेली जमीन सहजासहजी परत मिळत नाही. म्हणून इंधन कोणतेही असो, आपल्या विहिरीचा व मातीचा हिशेब प्रथम मांडावा आणि मगच पुढील पाऊल टाकावे.